अर्धी भूल, पूर्ण जाग

“डॉक्टर, मला काही कळणार नाही ना?” भूलतज्ज्ञाला रोज विचारला जाणारा हा प्रश्न. शब्द तेच असले तरी विचारणारे वेगवेगळे असतात. एकाला फक्त दुखू नये एवढेच हवे असते. दुसऱ्याला तिथे असायचेच नसते. त्याचे म्हणणे असे की मला इथून उचला आणि सगळे आटोपल्यावर परत आणून ठेवा. तिसऱ्याला खरे तर सगळे कळायला हवे असते, पण तसे म्हटले तर डॉक्टर हसतील असे त्याला वाटते. तिघांनाही आपण “नाही कळणार, काळजी करू नका” असे एकच उत्तर देतो, आणि इथूनच घोटाळ्याला सुरुवात होते.

या घोटाळ्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मराठीने या विद्येला ‘भूल’ असे नाव दिले. भूल पडणे म्हणजे मोहून जाणे, भूल होणे म्हणजे चूक होणे, भुलणे म्हणजे वाट चुकणे किंवा विसरणे. वेदना थांबणे हा अर्थ या शब्दाच्या मुळात कुठेच नाही. त्यामुळे भूल म्हटली की ऐकणाऱ्याच्या मनात गैरहजेरीच उभी राहते. कमरेतून दिलेल्या ‘अर्ध्या भुली’त मात्र गैरहजेरी अजिबात नसते. अर्धे शरीर बधिर असते आणि माणूस पूर्ण जागा असतो. या जागेपणाचे काय करायचे, त्याला गुंगीचे औषध द्यायचे की नाही, कोणते, किती, आणि त्याचा पुढे मनावर काय परिणाम होतो, हा या लेखाचा विषय आहे. शस्त्रक्रियेच्या यशापयशाची चर्चा टाके आणि क्ष-किरणांच्या भाषेत होते. मनाची बाजू क्वचितच कोणी विचारतो.

महाड-पोलादपूर परिसरातल्या छोट्या रुग्णालयांत मी बरीच वर्षे फिरता भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे. फिरता म्हणजे फोन आला की बॅग उचलायची आणि निघायचे. इथले काम ठरलेले असते. सिझेरियन, हर्निया, गर्भपिशवी, खुब्याचे हाड मोडलेले म्हातारे, आणि मुंबई-गोवा महामार्गावर किंवा कशेडी आणि आंबेनळीच्या घाटात हातपाय मोडून घेतलेली तरुण मुले. यातल्या कमरेखालच्या बहुतेक शस्त्रक्रिया मणक्यातून भूल देऊन होतात. ती स्वस्त पडते, श्वासनलिकेत नळी घालावी लागत नाही, रुग्ण लवकर खाऊपिऊ लागतो, आणि जिथे मदतीला दुसरा भूलतज्ज्ञ नाही तिथे ती मनाला अधिक आधार देते.

ही पद्धत तशी जुनी. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या शल्यचिकित्सकाने १८९८च्या ऑगस्टमध्ये मणक्यात कोकेन टोचून पहिली शस्त्रक्रिया केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने आणि त्याचा सहायक हिल्डेब्रान्ट याने एकमेकांवर प्रयोग करायचे ठरवले. हिल्डेब्रान्टचे पाय बधिर झाल्यावर बिअरने त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडीचे घाव घातले, जळती सिगार टेकवली, आणि दुखत नाही अशी नोंद केली. रात्री दोघांनी मद्य आणि सिगार घेऊन यश साजरे केले. पुढचे काही दिवस दोघेही डोकेदुखीने हैराण होते. आजची सुई कितीतरी बारीक आहे आणि औषध बुपिव्हाकेन आहे. पण एक फरक सहसा सांगितला जात नाही. हिल्डेब्रान्टला आपल्या पायावर हातोडी कोण मारतो आहे आणि का, हे ठाऊक होते. टेबलावरच्या रुग्णाला ते ठाऊक नसते.

त्याला काय जाणवते ते पाहू. सुई काढल्यावर मिनिटभरात पाय गरम होतात, मग मुंग्या, मग जडपणा, मग काहीच नाही. बधिर होण्यापूर्वी गुडघे पोटाशी घेतलेले असतील तर मेंदू पायांची तीच शेवटची स्थिती धरून बसतो. पाय टेबलावर सरळ ठेवलेले असताना माणसाला ते हवेत दुमडलेले वाटत राहतात. पोलादपूरकडच्या एका शेतकऱ्याने मला अगदी गंभीरपणे विचारले होते, “माजे पाय कोनी वर धरल्यान? खाली ठेवा की.” मी पडदा थोडा बाजूला करून त्याला पाय दाखवले. त्याने पाहिले, मान हलवली, आणि म्हणाला, “ते माजे न्हाईत.” यात विनोद आहेच, पण त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. भूल छातीपर्यंत चढली की बरगड्या हलल्याचे कळेनासे होते. श्वास नीट चालू असूनही तो बंद पडल्याचा भास होतो. दुखणे जाते पण ओढणे, दाबणे, हलवणे कळत राहते. हात थरथरतात, आणि ती थरथर भीतीची नसून भुलीमुळे अंगातली उष्णता उतरल्याची असते, हे कोणी सांगितले नाही तर रुग्ण स्वतःच्याच थरथरीला घाबरतो.

आणि कान. हाडाच्या शस्त्रक्रियेत ड्रिल असते, हातोडी असते, कधी करवत असते. हाडातून येणारा आवाज आणि हादरा शरीरभर पसरतो. शिवाय आमच्या गप्पा. सर्जन सहज म्हणतात, “अरे, हे बसत नाहीये.” त्यांना स्क्रू म्हणायचा असतो, पडद्याअलीकडच्या माणसाला आपला पाय ऐकू येतो.

तेव्हा गुंगी द्यावी, असे कोणीही म्हणेल, आणि बहुतेक वेळा आम्ही देतोही. आमच्या भागातल्या छोट्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालत आलेली जोडी म्हणजे ‘फोर्टविन-फेनर्गन’. त्यातले एक वेदनाशामक, दुसरे मूळचे ॲलर्जीवरचे औषध, ज्याने झोप येते. त्यानंतर मिडाझोलाम आले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते दिल्यानंतरच्या गोष्टी स्मरणात नीट उमटत नाहीत. माणूस आपल्याशी बोलतो, प्रश्नांची उत्तरे देतो आणि तासाभराने त्याला त्यातले काही आठवत नाही. प्रोपोफॉल हे दुधासारखे पांढरे औषध झटकन झोपवते आणि झटकन जागे करते, पण हात थोडा सैल सुटला की श्वास मंदावतो. डेक्समेडेटोमिडिन या तुलनेने नव्या औषधाने येणारी झोप नैसर्गिक झोपेला जवळची असते. हाक मारली की माणूस डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. त्याने नाडी मात्र मंदावते, आणि ते उतरायला वेळ घेते.

या सगळ्यांत एक गृहीतक दडलेले आहे: जो झोपला तो शांत झाला. हे गृहीतक कुठून आले याची कथा फेनर्गनपाशीच सुरू होते, आणि फिरत फिरत महाडला येते.

आंरी लाबोरी हा फ्रेंच नौदलातला शल्यचिकित्सक. दुसऱ्या महायुद्धानंतर तो ट्युनिशियातल्या बिझेर्त बंदरात काम करत होता. जखमी माणूस जखमेने मरतो त्यापेक्षा जखमेला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादाने मरतो, असे त्याचे मत बनले. मग तो प्रतिसादच झोपवला तर? त्याने प्रोमेथाझिन, म्हणजेच आपले फेनर्गन, वापरून पाहिले. रुग्ण जागे असूनही शस्त्रक्रियेबद्दल विलक्षण बेफिकीर झाल्याचे त्याला दिसले. त्याच जातीचे अधिक प्रभावी औषध त्याने मागितले. तोवर १९५०मध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झाले होते. १९५२मध्ये पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात ते मनोरुग्णांना दिले गेले आणि आधुनिक मानसोपचारातल्या औषधांचे युग सुरू झाले. म्हणजे मनाच्या आजारावरचे हे औषध शस्त्रक्रियेच्या टेबलावरून तिकडे गेले. लाबोरीच्या प्रोमेथाझिन, क्लोरप्रोमाझिन आणि पेथिडिन या मिश्रणाला ‘लायटिक कॉकटेल’ म्हणू लागले. मद्रासच्या कृष्ण मेनन यांनी ते गरोदरपणातल्या झटक्यांसाठी वापरले. १९६१च्या त्यांच्या लेखानंतर भारतभरच्या प्रसूतिगृहांत ‘मेनन पद्धत’ रूढ झाली. पुढे मॅग्नेशियम सल्फेटने तिची जागा घेतली.

हेच मिश्रण आपल्याकडे विंचूदंशालाही दिले जाई. कोकणातला लाल विंचू चावलेला माणूस तडफडतो, त्याला घामाच्या धारा लागतात, उलट्या होतात. त्याला शांत करावे असे कोणत्याही डॉक्टरला वाटणार. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा धडधाकट माणसे आणि मुले या दंशाने दगावत होती. बावस्करांनी केलेली गोष्ट सांगायला सोपी वाटते: ते रुग्णाजवळ बसून राहिले. तासातासाने नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारठा, फुप्फुसातला आवाज यांची नोंद करत राहिले. त्यातून त्यांच्या लक्षात आले की विषामुळे शरीरातली ताणाची सगळी रसायने एकदम उधळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमते आणि फुप्फुसात पाणी साठते. त्यांची निरीक्षणे १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. मग त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरली. ज्या दारावर ही रसायने धडका देतात ते दारच ती बंद करते. त्याचा लेख १९८६मध्ये त्याच नियतकालिकात आला. गंभीर रुग्णांतला सुमारे तीस टक्क्यांचा मृत्युदर तीन टक्क्यांखाली उतरला. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लायटिक कॉकटेलला त्यांनी आपल्या लेखनात स्पष्ट विरोध केला आहे.

विंचूदंश आणि शस्त्रक्रिया यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण महाडमध्ये राहून भुलीचे काम करणाऱ्या माणसाला हा धडा टाळता येत नाही. निपचित पडलेला रुग्ण आतून शांत असेलच असे नाही. कधी कधी गुंगीने वादळ थांबत नाही, फक्त पाहणाऱ्याच्या नजरेआड जाते. एक योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. डेक्समेडेटोमिडिन काम करते तेही याच ताणाच्या रसायनांवर. प्राझोसिन त्यांच्या धडका अडवते, डेक्समेडेटोमिडिन ती सुटण्याआधीच रोखते. म्हणून तर ते दिलेल्या माणसाची नाडी संथ चालते आणि तरीही तो हाकेला ओ देतो.

झोप आणि निवांतपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विंचवाविनाही सिद्ध झाले आहे, आणि तेही साठ वर्षांपूर्वी. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६३मध्ये एक साधी तुलना प्रसिद्ध केली. काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या तासभर आधी पेंटोबार्बिटल हे झोपेचे इंजेक्शन दिले. काहींना भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटून गेला; उद्या काय होईल, कधी होईल, काय जाणवेल हे त्याने सांगितले. इंजेक्शन घेतलेले लोक पेंगुळले, पण शांत झाले असे दाखवता आले नाही. भेट मिळालेले पेंगुळले नाहीत, मात्र अधिक शांत होते. भूलशास्त्राच्या वाङ्मयात यापेक्षा मोठे, महागडे, गुंतागुंतीचे शेकडो अभ्यास आहेत. मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो सर्वांत कमी अमलात येतो, कारण भेटीचे वेगळे बिल लावता येत नाही. फ्रान्समध्ये हजारावर रुग्णांवर केलेल्या आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही तेच निघाले. शस्त्रक्रियेआधी दिलेल्या लोराझेपामच्या गोळीने रुग्णांचे समाधान वाढले नाही. उलट ते उशिरा भानावर आले. तो अभ्यास पूर्ण भुलीच्या रुग्णांचा होता, हे खरे. पण गोळीने भीती जाते या समजुतीला त्यानेही तडा गेला.

कोणी म्हणेल, शांत नसेना का, विसरला तर झाले! आठवणच नसेल तर ताण कुठला? हा युक्तिवाद बळकट वाटतो आणि मिडाझोलामची सारी लोकप्रियता त्याच्यावर उभी आहे. पण स्मरण म्हणजे फळा नव्हे, की पुसला आणि कोरा झाला. मिडाझोलाम देण्याआधीची भीती, म्हणजे ट्रॉलीवरचा प्रवास, थंडगार थिएटर आणि पाठीतली सुई, जशीच्या तशी राहते. नंतरच्या काळातले तुकडे राहतात. आणि तुकडे अधिक वाईट असतात. इंग्लंडमध्ये क्रिस्टिना जोन्स यांच्या चमूने अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. ज्यांना तिथल्या खऱ्या घटना आठवत होत्या त्यांच्यापेक्षा ज्यांना फक्त भास आठवत होते अशांना आघातोत्तर तणावाची लक्षणे अधिक दिसली. हा २००१चा अभ्यास छोटा आहे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा नाही. तरी जे मी पाहतो त्याच्याशी तो जुळतो. “ड्रिलचा आवाज आला” असे सांगणारा माणूस महिन्याने ते हसत सांगतो. “कोणीतरी मला दाबून धरलं होतं, मी ओरडत होतो, आवाज फुटत नव्हता” असे सांगणाऱ्याची झोप उडालेली असते.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये भुलीदरम्यान जाग येण्याच्या तक्रारींची एक प्रचंड देशव्यापी पाहणी झाली. तिचा अहवाल २०१४मध्ये आला. पूर्ण भुलीत जाग येण्याचे प्रमाण सुमारे एकोणीस हजारांत एक असे निघाले. पण त्या तक्रारदारांमध्ये असाही एक गट होता की ज्याला पूर्ण भूल दिलेलीच नव्हती. त्यांना गुंगी दिली होती, आणि त्यांची समजूत होती की आपण पूर्ण झोपणार. ते जागे राहिले हे वैद्यकीयदृष्ट्या ठीकच होते. त्यांच्या मनाला झालेली इजा मात्र खरी होती. औषध बरोबर, मात्रा बरोबर. चुकले होते ते आधीचे दोन मिनिटांचे बोलणे.

आमच्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथला रुग्ण अनेकदा टेबलावर येण्यापूर्वीच आघात सोसून आलेला असतो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. २०१८मध्ये आंबेनळी घाटात बस दरीत गेली. २०२०च्या ऑगस्टमध्ये महाड शहरात पाच मजली इमारत कोसळली. २२ जुलै २०२१ला महाडमध्ये पूर शिरला असतानाच तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही डोंगर उतरला. ही यादी इतक्यासाठीच की इथे ‘अपघाताचा रुग्ण’ म्हटले की पाय मोडलेला असतो आणि कधी त्याच्या घरातले कोणी गेलेलेही असते. अशा माणसाला गाढ गुंगवावे ही भूलतज्ज्ञाची पहिली ऊर्मी असते, आणि ती दयेतूनच येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये दिलेला सल्ला मात्र उलटा आहे: आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात, त्या आघाताच्या तणावासाठी म्हणून मिडाझोलाम, डायझेपाम या कुळातली औषधे प्रौढांना देऊ नयेत. त्यांनी पुढचा तणाव टळतो असा पुरावा नाही. हा सल्ला शस्त्रक्रियेतल्या गुंगीबद्दल नाही, त्यामुळे तो तसाच उचलून टेबलावर लावता येत नाही. पण “दोन मिली द्या, सगळं विसरेल” हे वाक्य म्हणण्याआधी तो आठवावा.

पुरात घर गेलेल्या एका बाईंच्या पायाची उघडी जखम धुवायची होती. सुई त्यांनी निमूट सोसली. सर्जनने सलाईन ओतायला सुरुवात केली आणि खालच्या बादलीत पाणी पडू लागले तशी त्यांनी माझा हात घट्ट धरला. नाडी एकशे चाळीस. दुखत होते का? नाही. पाण्याचा आवाज येत होता. मी सर्जनना थांबवले, बाईंना पडद्यावरून बाटली दाखवली. “हे पाणी आपल्या बाटलीतलं आहे, मावशी. अशा सहा बाटल्या ओतायच्या आहेत. तुम्ही मोजा.” त्यांनी मोजल्या. तिसऱ्या बाटलीनंतर हात सैल झाला. डेक्समेडेटोमिडिनही थोडे चालू केले होते. सगळे श्रेय गप्पांना देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण गाढ झोपवले असते तर तो आवाज त्यांच्या कानात कुठल्या रूपाने शिरला असता, कोण जाणे.

म्हाताऱ्यांची गोष्ट वेगळी. पोलादपूरच्या खोऱ्यांतल्या कितीतरी गावांत घरटी माणूस मुंबईला आणि मागे आई-वडील, अशी स्थिती आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात आजी घसरते, खुब्याचे हाड मोडते, मुलगा रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी सही करतो. शस्त्रक्रिया छान होते. आणि दुसऱ्या रात्री आजी सलाईन उपटते, मेलेल्या नवऱ्याला हाका मारते, सुनेला ओळखत नाही. जुन्या वैद्यकात याला सन्निपात किंवा भ्रम म्हणत. घरचे बाहेरची बाधा म्हणतात आणि खाटेखाली लिंबू सापडते. लिंबाने अपाय काहीच होत नाही. पण हा भ्रम दोन दिवसांत ओसरला तरी आजीची शक्ती, आत्मविश्वास आणि घरातली किंमत घेऊन जातो. “म्हातारीचं डोकं फिरलं” हा शिक्का पुसत नाही.

यात गुंगीचा वाटा किती? बाल्टिमोरच्या सीबर आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये खुब्याच्या ११४ वृद्ध रुग्णांची तुलना केली. सगळ्यांना मणक्यातून भूल, वर प्रोपोफॉल. निम्म्यांना गाढ, निम्म्यांना हलके. गाढ गुंगीत ४० टक्क्यांना भ्रम झाला, हलक्या गुंगीत १९ टक्क्यांना. आम्ही सगळे भारावून गेलो. त्याच चमूने २०१८मध्ये २०० रुग्णांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला तेव्हा एकूण फरक दिसला नाही. फक्त ज्यांना इतर आजार फार नव्हते त्यांना हलक्या गुंगीचा फायदा झाला. दक्षिण कोरियातल्या २०२३च्या मोठ्या अभ्यासात, पायाच्या शस्त्रक्रिया झालेल्या सातशेहून अधिक वृद्धांमध्ये प्रोपोफॉल घेतलेल्यांपैकी ६.६ टक्क्यांना तर डेक्समेडेटोमिडिन घेतलेल्यांपैकी ३ टक्क्यांना भ्रम झाला. पुरावा असा पुढेमागे सरकतो. मी त्यातून घेतलेला बोध थोडका आहे: सत्तरीपुढच्या माणसाला मिडाझोलाम शक्यतो नाही, जी द्यायची ती गुंगी हलकी, आणि चष्मा व कानातले यंत्र थिएटरच्या दारात काढून घ्यायचे नाही. मणक्यातली भूल स्वतःच थोडी पेंग आणते. पायांकडून येणारे संदेश थांबले की मेंदूही सैलावतो. ऐंशी वर्षांच्या आजीला एवढी पेंग पुष्कळदा पुरते.

आता एक अप्रिय गोष्ट. गुंगी नेहमी रुग्णासाठीच दिली जाते असे नाही. शस्त्रक्रिया लांबते, भूल उतरू लागते, रुग्ण “दुखतंय” म्हणतो. अशा वेळी खरा उपाय म्हणजे सर्जनला थांबवून वेदनेवर नीट औषध देणे किंवा सरळ पूर्ण भूल देणे. सोपा उपाय म्हणजे गुंगी वाढवणे. रुग्ण गप्प होतो. दुखणे गेले की तक्रार गेली, हे बाहेरून कळत नाही. सिझेरियनमध्ये हे सर्वांत नाजूक असते. बाळ बाहेर येईपर्यंत आईला गुंगी द्यायची नाही असा संकेत आहे, त्यामुळे ती पूर्ण जागी असते. आणि “थोडं ओढल्यासारखं वाटेल, सोसा” हे वाक्य ओढण्यालाही लागू केले जाते आणि दुखण्यालाही. ब्रिटिश प्रसूती-भूलतज्ज्ञांनी २०२२मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा की बाई दुखते म्हणाली तर दुखते, आणि पूर्ण भुलीचा पर्याय तिच्यापुढे ठेवला पाहिजे. हे लिहून सांगावे लागले यातच सगळे आले. दुसऱ्या बाळंतपणाला आलेली एक मुलगी मला म्हणाली होती, “मागच्या वेळी मी सांगत होते, सगळे म्हणत होते तुला वाटतंय तसं.” तिला वेदनेपेक्षा ते ‘वाटतंय’ जास्त लागले होते. या वेळी चिमट्याने तपासणी तिच्यासमोर केली आणि ती “हं, आता करा” म्हणाल्यावरच सुरुवात झाली.

छोट्या रुग्णालयात निवडीला मर्यादा असतात. प्रोपोफॉलचा पंप सगळीकडे नसतो. गाढ गुंगीत श्वासावर अखंड नजर लागते, आणि त्याच वेळी बाळाकडे बघायला बोलावणारा आवाज येतो. अशा ठिकाणी हलकी गुंगी हा नाइलाज नसून शहाणपण आहे. जे सगळीकडे असते ते म्हणजे मोबाइल आणि इअरफोन. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ला ७३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता. त्यानुसार संगीताने शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि चिंता दोन्ही कमी होतात. मी कोणालाही माझी आवड ऐकवत नाही. वारकरी आजोबांना भजन, घाटात ट्रक उलटलेल्या ड्रायव्हरला त्याची कव्वाली; एकदा एका गृहस्थांनी क्रिकेटचे समालोचन मागितले आणि विकेट पडली तेव्हा त्यांचा रक्तदाब सर्जनच्या कोणत्याही कृतीपेक्षा जास्त वाढला.

आदल्या संध्याकाळी मी आता “घाबरू नका” म्हणत नाही. विचारतो: उद्या जागं राहायचंय, डुलकी हवीय, की काहीच नको? डुलकीतही आवाज येतील, चालेल का? मधे बदलावंसं वाटलं तर बोट वर करा. लोकांना हा प्रश्न आधी परीक्षेसारखा वाटतो, मग ते विचारात पडतात. गवंडीकाम करणारे एक काका म्हणाले, “जागा ऱ्हातो. मानूस भिताड कसा बांधतो ते बगायला पायजे.” पडदा असल्यामुळे त्यांना काही दिसणार नव्हते, हे सांगितल्यावर त्यांनी डुलकी पत्करली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा जातो आणि तीन गोष्टी विचारतो. झोपण्याआधीचे शेवटचे काय आठवते, जागे झाल्यावरचे पहिले काय, आणि मधले काही? मधले काही असेल तर ते तिथेच जुळवून देतो. दाबून धरले असे वाटले, तो हाताला बांधलेला रक्तदाबाचा पट्टा होता. पाणी होते, ते सलाईन होते. कोणी रडत होते, ते शेजारच्या खोलीतले बाळ होते. नातेवाइकांना सांगतो की महिन्याभरात दचकून उठणे, दवाखान्याच्या वासाने घाम फुटणे, त्या रस्त्याने जायला नकार देणे असे दिसले तर टाके काढायला येताना तेही सांगा. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव, औषधे आणि टाक्यांची तारीख यांना रकाने असतात. याला रकाना नाही. मी कार्ड उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहितो: कोणती गुंगी दिली, किती, आणि काय आठवते.